तीन ग्रॅम

१४ जानेवारी

निरीक्षक साहेब यांस,

दादा लिहायला हात वळत नाही, म्हणून हुद्दा लिहिला.

गेल्या गुरुवारी तुम्ही आमच्या दुकानात आलात. वजनं तपासणं ही तुमची नोकरी. पेटी उघडलीत, मखमलीतून तुमचं पितळी दोन किलोचं वजन काढलंत, एका पारड्यात ते आणि दुसऱ्यात आमचं लोखंडी ठेवलंत. आमचं तीन ग्रॅम कमी भरलं. दोन ग्रॅमपर्यंतची झीज तुमचा कायदा सोडून देतो, तीन सोडत नाही. वजन जप्त झालं, कागद झाला, ह्यांनी सही केली. खिळे घ्यायला आलेली सहा माणसं बघत उभी होती. चहा विचारला तर 'कामावर असताना नको' म्हणालात. इथपर्यंत माझी तक्रार नाही.

पण शनिवारी तोच कागद घेऊन तुम्ही चर्चच्या वडीलजनांच्या बैठकीत गेलात. आणि रविवारी भर उपासनेत पाळकांनी वाचून दाखवलं की खिळ्यांच्या दुकानाच्या मालकाला, पश्चात्ताप दिसेपर्यंत, प्रभुभोजनाची भाकर आणि पेला मिळणार नाही. मी तुमच्या मागे दोन बाकं सोडून बसले होते. तुमची मान ताठ होती.

लोखंड झिजतं. वीस वर्षं रोज उचलून आपटलेलं वजन झिजणार नाही तर काय बाळसं धरणार?

हे काय चाललंय ते मला कळतं. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या कचेरीतला कारकून मी नाकारला आणि खिळे विकणाऱ्याशी लग्न केलं. तेव्हा तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आता काढलात, तोही पाळकांच्या तोंडून.

तुमची
कोण, ते तुम्हीच ठरवा

•

१९ जानेवारी

प्रिय धाकटे,

ख्रिस्तात सलाम.

तुझे पत्र मिळाले. त्यातला राग बाजूला ठेवून उत्तर देतो.

बावीस वर्षे मी ही पेटी वाहतो आहे. या बावीस वर्षांत कोणत्याही दुकानात मी चहा घेतलेला नाही. बहिणीच्या नवऱ्याचे वजन कमी भरले आणि मी ते तसेच सोडले, तर उद्या माझ्या शिक्क्यावर कोण विश्वास ठेवील? चर्चचेही तेच. सहा दिवस कमी मापाने विकायचे आणि सातव्या दिवशी सर्वांसोबत पेल्याला हात लावायचा, हे मला चर्चचा एक वडीलजन म्हणून चालू देता येत नाही. घरचा माणूस म्हणून गप्प बसलो असतो तर तो माझा खोटेपणा झाला असता.

तुझ्या लग्नाचा यात काही संबंध नाही. तुला लहानपणापासून दोन सुटी टोके दिसली की गाठ मारायची सवय आहे.

मी कोणाचा निवाडा केलेला नाही. वजनाने केला. आणि दार बंद नाही. त्याने लेखी कबुली द्यावी की वजन कमी होते आणि ते त्याला ठाऊक होते. मी स्वतः ती पाळकांकडे नेईन.

वहिनी सलाम सांगते.

तुझा
दादा

•

३ फेब्रुवारी

निरीक्षक साहेब,

काल महिन्याचा पहिला रविवार. पेला घेऊन तुम्हीच उभे होतात, म्हणजे झालं ते तुम्ही पाहिलंत. तरी लिहिते. तुमच्या नोंदवहीत ते येणार नाही.

सासूबाईंना एक्क्याऐंशी पूर्ण झाली. बारा वर्षांपासून डोळ्यांनी काही दिसत नाही. दिवसभर दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि मिसळलेले खिळे बोटांनी निवडतात. इंचाचे एका डब्यात, दीड इंचाचे दुसऱ्या. चुकत नाहीत. पहिल्या रविवारी हे त्यांना हाताला धरून पुढे नेतात. त्या घोट घेतात आणि पेला उजवीकडे धरतात. तिथे ह्यांचा हात असतो. बारा वर्षं असंच चाललंय.

बंदी वाचली त्या रविवारी त्या तापाने घरी होत्या. ह्यांनी त्यांना सांगितलं नव्हतं. काल त्यांना पुढे उभं केलं आणि हे दोन पावलं मागे सरले. त्यांनी घोट घेतला, पेला उजवीकडे धरला. हात नाही. त्या तशाच धरून राहिल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "कुठे गेलास रे?"

तुम्ही वाकून पेला त्यांच्या हातातून काढून घेतलात.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "पेला कुणी नेला?"

"माझ्या भावाने."

"त्याचे हात इतके गार का?"

ह्याचं उत्तर तुम्ही द्या.

कबुलीची वाट पाहू नका. ह्यांनी जाणूनबुजून कुणाला एक खिळाही कमी दिलेला नाही. माणूस धुतल्या तांदळासारखा आहे. ते गप्प असतात, म्हणून मी बोलते.

•

७ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

सलाम.

माझे हात गार होते कारण पेला धातूचा आहे.

तुझ्या सासूबाईंना झालेल्या त्रासाचे मला वाईट वाटले. पण तो मी दिलेला नाही. आईला खरे न सांगता त्याने पुढे नेले. एक गोष्ट लपवली की तिच्यापाठी दुसरी लपवावी लागते. मी पेला घेतला नसता तर तो सांडला असता.

तुला वाटते, मी इतरांना मोजतो आणि मला मोजणारे कोणी नाही. तसे नाही. दर दोन वर्षांनी माझी वजनेही मुख्य प्रयोगशाळेत जातात आणि तिथल्या वजनांशी ताडली जातात. सोमवारी पेटी पाठवतो आहे. तिथला माणूस दर वेळी म्हणतो की इतकी चकचकीत वजने दुसऱ्या कोणाची येत नाहीत. येणार कुठून? ओल लागू नये, ओरखडा पडू नये म्हणून मी दर वर्षी स्वतःच्या हाताने वार्निशचा एक हात देतो.

ज्याला मोजले जाण्याची भीती नाही, तोच दुसऱ्याला मोजू शकतो. हे तुझ्या नवऱ्यालाही सांग.

कबुलीची वाट पाहीन. २ मार्चला पहिला रविवार आहे.

दादा

•

१८ फेब्रुवारी

निरीक्षक साहेब,

सोबतचा कागद घ्या. तुम्हाला हवा होता तो.

ह्यांनी काल लिहिला, मला न विचारता. तीनच वाक्यं आहेत. "माझ्या दुकानातलं दोन किलोचं वजन कमी होतं. मला ते ठाऊक होतं. मी देवाची आणि मंडळीची क्षमा मागतो." मधलं वाक्य तुमच्या पत्रातून उचललेलं दिसतं.

मी कागद फाडायला घेतला होता. ह्यांनी माझं मनगट धरलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, "आईच्या हाताला हात लागला पाहिजे. पाठव."

म्हणजे एका निरपराध माणसाने आपल्या आईसाठी खोटं लिहिलं, आणि ते चर्चच्या वडीलजनाने त्याच्याकडून लिहून घेतलं. छान झालं. लहानपणी माझ्या पाटीवर आधी चुकीची फुली मारायचात आणि मग गणित वाचायचात. वय वाढलं, खडू तेवढा बदलला.

•

२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

कबुली मिळाली. पाळकांना दिली. २ तारखेला वाचली जाईल आणि त्याच उपासनेत त्याला प्रभुभोजन मिळेल.

तू तिला खोटी म्हणतेस. मी म्हणत नाही. माणूस उगीच असे लिहीत नाही. त्याचे मन तुझ्यापेक्षा मऊ आहे, एवढेच मला दिसते. त्याला माझा सलाम सांग.

दादा

•

५ मार्च

निरीक्षक साहेब,

तुमचा सलाम मी पोहोचवला नाही.

रविवारी सासूबाई पहिल्या बाकावर होत्या. पाळक वाचायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, काहीतरी सूचना असेल. मग "माझ्या दुकानातलं" आलं. मग "ठाऊक होतं" आलं. मी त्यांचा हात धरला होता. त्यांनी तो सोडवून घेतला.

पुढे गेलो. त्यांनी घोट घेतला. उजवीकडे ह्यांचा हात होता, बोटं अगदी त्यांच्या बोटांना लागत होती. त्यांनी पेला तुमच्याकडे परत दिला आणि म्हणाल्या, "ह्याला तुम्हीच द्या."

तुम्ही दिलात. ह्यांनी घेतला. झालं प्रभुभोजन.

सोमवारी मी त्यांची खुर्ची दुकानाच्या दाराशी नेली तर म्हणाल्या, "घरात आण. खिळे मी निवडणार नाही. चोरीचे की खरे, ते बोटांना कळत नाही." खुर्ची आता आतल्या खोलीत आहे. त्या भिंतीकडे तोंड करून बसतात. भिंत त्यांना दिसत नाही, पण आम्हाला त्यांची पाठ दिसते.

एक गोष्ट विचारायची राहिली. कबुली वाचत असताना तुम्ही सारखा कोटाच्या खिशावर हात ठेवत होतात. छातीत दुखत होतं का? दुखत असेल तर दुखू द्या.

•

२३ मार्च

धाकटे,

छातीत दुखत नव्हतं. खिशात कागद होता.

शुक्रवारी, २८ फेब्रुवारीला, प्रयोगशाळेचा अहवाल आला. बाकी वजनं ठीक. दोन किलोचं दोन ग्रॅम जड. नापास. खाली शेरा: पृष्ठभागावर वार्निशचे अनेक थर. पितळ जसंच्या तसं आहे. त्याच्यावर मी दर वर्षी जो हात दिला, त्याचं हे वजन. आधीच्या तपासणीत ते मर्यादेत होतं, काठावर. तेव्हा कुणी मला सांगितलं नाही. किंवा सांगितलं असेल आणि मी चकचकीत एवढंच ऐकलं असेल.

म्हणजे तुमचं वजन खरोखर एक ग्रॅम कमी होतं. कायद्यात बसत होतं. मी जप्त करायला नको होतं. बाकीचं तर करायलाच नको होतं.

रविवारी चर्चला निघालो तेव्हा कागद खिशात घातला. पाळकांना उपासनेआधी सांगायचं ठरवलं होतं. ते घाईत होते. मग ठरवलं, उपासनेनंतर. मग कबुली वाचली गेली, आणि मला काय वाटलं ते लिहितो. मला वाटलं, माणूस स्वतःच कबूल करतोय, तर माझं वजन जड निघालं म्हणून काय बिघडलं. मला हायसं वाटलं, धाकटे. त्यानंतर तुझ्या सासूबाईंनी पेला माझ्याकडे परत दिला.

तू लग्नाचं लिहिलं होतंस. ते खरं नाही. तो कारकून मलाही आवडत नव्हता. खरं कारण त्याहून लहान आहे. डिसेंबरात एका कुलूपवाल्याचं वजन मी पकडलं तेव्हा तो म्हणाला, "मेहुण्याच्या दुकानात पेटीचं झाकण उघडत नाही वाटतं?" दुकानातली माणसं हसली. त्या हसण्याला उत्तर द्यायला मी तुमच्याकडे आलो. एकदा उत्तर द्यायला लागलो, मग थांबलोच नाही. चर्चमध्येसुद्धा तेच देत होतो.

काल कचेरीला सगळं कळवलं. या वजनाने दोन वर्षांत अकरा दुकानं नापास केली आहेत. सगळी पुन्हा तपासावी लागतील. कुलूपवालाही त्यात आहे.

वार्निशच्या डब्या तुमच्याच दुकानातल्या. त्यात दुकानाचा दोष नाही. सगळं खरं सांगायचं म्हणून लिहिलं.

मी काय करू ते सांग.

दादा

•

३० मार्च

निरीक्षक साहेब,

सांग म्हणता? आजवर कधी विचारलंत?

तेवीस दिवस तो कागद तुमच्याकडे होता. तेवीस दिवस तुम्ही जेवलात, कामावर गेलात, प्रार्थनेला डोळे मिटून बसलात. तेवीस दिवस ती बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. ग्रॅमचं मी सोडून देते. ते दिवस कुठल्या पारड्यात घालायचे?

६ तारखेला पहिला रविवार आहे. उभे राहा आणि तो अहवाल वाचा. पाळकांकडे देऊ नका, स्वतःच्या तोंडाने वाचा. 'खेद होतो' वगैरे पुढे जोडू नका. तारीख मात्र वाचा, तो तुमच्या हातात आला ती.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, माणूस उठेल, तडक तुमच्या घरी येईल. हे म्हणाले, "बरं." आणि साखळ्या मोजायला गेले. तुम्ही एक दगड, हे दुसरे.

त्या कुलूपवाल्याचा पत्ता असता तर मी दोन कुलपं आणली असती. एक तुमच्या पेटीला, एक तुमच्या तोंडाला. रविवारनंतर.

•

८ एप्रिल

(पेटीवर ठेवलेली चिठ्ठी)

धाकटे,

दार वाजवलं. तुझ्या चपला बाहेर होत्या, म्हणजे तू आत होतीस. उघडलं नाहीस, बरोबर केलंस.

पेटी ठेवून जातो. हे वार्निश खरवडून वजन पुन्हा प्रयोगशाळेत पाठवायचं आहे. मेहुण्यांना जमलं तर त्यांनी काढावं. माझ्या हाताने मी त्याच्यावर पुन्हा काही करू नये असं वाटतं.

सरकारी वस्तू अशी कुणाच्या दारात ठेवायची नसते. ठेवली.

•

१३ एप्रिल

दादा,

पहिला शब्द बघून हुरळून जाऊ नकोस. हुद्दा लिहायचा कंटाळा आला.

गेल्या रविवारी तू वाचलंस. पाळकांना दोनदा 'मोठ्याने' म्हणावं लागलं. तारीख मात्र पहिल्या खेपेला ऐकू आली. नंतर सगळे पुढे गेले आणि तू मागे दाराशी उभा राहिलास, पेल्याला हात लावला नाहीस. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ह्यांना नाही वाटलं. घरी येताना म्हणाले, "ही पण ऐटच. आधी माझा निकाल स्वतः लावला, आता स्वतःचाही स्वतःच लावतोय. त्याच्या वरचं कुणी आहे की नाही?" मी म्हटलं, "तुम्ही आज फार बोलताय." तर म्हणाले, "आता बोलायचंच आहे."

सासूबाई चर्चला आल्या नव्हत्या. हे त्यांच्या खोलीत गेले, खाली जमिनीवर बसले आणि तुझा अहवाल तोंडपाठ सांगितला. त्या म्हणाल्या, "मग तू खोटं का लिहिलंस?"

"खोटं नव्हतं, आई."

मी दारात उभी होते.

गेल्या वर्षी नवी एक-एक किलोची वजनं आली तेव्हा ह्यांनी ती दोन एका पारड्यात आणि जुनं दोन किलोचं दुसऱ्यात ठेवून पाहिलं होतं. काटा केसभर कलला. त्या दिवशी जुनं बाजूला काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात आलं. सासऱ्यांच्या हातचं वजन, पकड सवयीची. म्हटलं, केसभर तर आहे. "तीनातला एक ग्रॅम माझा होता," म्हणाले. "कायद्याने तो सोडला असता, पण मला ठाऊक होता. मी लिहिलं ते त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे."

मी ओरडले, "मग मला जानेवारीतच का नाही सांगितलं?"

"तू इतकी भांडत होतीस," म्हणाले, "मला बोलायला जागाच राहिली नाही."

दादा, तीन महिने मी ह्यांच्या वतीने तुझ्याशी लढले. धुतले तांदूळ म्हणून तुझ्या तोंडावर मारले. ह्यांनी एकदाही हूं की चूं केलं नाही, ते भलेपणाने असं मी धरून चालले. आणि लग्नाचा म्हणून नऊ वर्षं तुझ्यावर राग धरला, खरं कारण मात्र कुलूपवाल्याचा टोमणा निघालं. दोघांची मनं मी उघडून बघण्याआधीच वाचून ठेवली होती. पाटीवरच्या फुल्यांचं तुला सांगणारी मी.

आता रागवायचं कुणावर, हा प्रश्न आहे. सवय लागली आहे. सध्या तेवीस दिवसांसाठी तुझ्यावर आणि एका वर्षासाठी ह्यांच्यावर, असं वाटून घेतलंय.

आता पुढचं. बुधवारी कचेरीने आमचं वजन परत केलं. गुरुवारी सासूबाईंनी हाक मारली. "खुर्ची दुकानात ने." नेली. मग म्हणाल्या, "ती दोन्ही वजनं आण. त्याचं आणि आपलं." मी तुझ्या पेटीतून पितळी काढलं, आमचं लोखंडी आणलं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर उलगडून पुढे केले. मी एकेक ठेवलं. दुकानात तीन गिऱ्हाईकं होती, कुणी घाई केली नाही.

त्यांनी हात वर-खाली केले. पुष्कळ वेळ. मग वजनं बदलून मागितली. पुन्हा वर-खाली. ज्या बोटांना इंच आणि दीड इंच अंधारात कळतो, ती बोटं.

"माझ्या मुलाचं कुठलं?"

हे म्हणाले, "डाव्या हातातलं."

"मला सारखीच लागतात," त्या म्हणाल्या. "आणि एवढ्यासाठी मला पेला धरून तसंच उभं ठेवलंत? दोघांनी मिळून?"

त्यांनी दोन्ही वजनं माझ्याकडे दिली आणि खिळ्यांचा डबा मांडीवर ओढला. सव्वा महिन्याचे मिसळलेले आहेत, अजून निवडताहेत.

वार्निश काढायचं औषध ह्यांनी फळीवर काढून ठेवलंय, पण हात लावायला तयार नाहीत. म्हणतात, ज्याने लावलं त्यानेच काढावं, शेजारी बसतो. तेव्हा येत्या रविवारी दुपारी ये. जुना सदरा घाल, डाग पडतात. चहा ठेवीन. कामावर नसशील, तेव्हा घ्यावा लागेल.

आणि ४ मेला पहिला रविवार आहे. सासूबाईंनी विचारलंय, तुझे हात अजून तसेच गार आहेत का. त्यांच्या डावीकडे जागा रिकामी असते. मी बोलावते आहे असं समजू नकोस. त्यांचा निरोप आहे, तो सांगितला.

दार मी उघडीन. बोलेन असं नाही.

धाकटी